ड्रायर फिरंना झालाय, अर्जंट मदत हवी (सोलापूर)

मधलीसून
कालपासून ड्रायर फिरत नाही. मेकॅनिक येऊन बघून गेला, मोटर गेली म्हणाला, २८०० सांगितले. मशीन सहाच वर्षांचं आहे. एवढे पैसे घालू की नवीनच घेऊ? घरी करता येण्यासारखं काही असेल तर सांगा. लवकर सांगा, कपडे ओले पडलेत.

एडिसनकर
ड्रम फिरत नाही की गरम होत नाही? दोन्ही वेगळं. आमच्याकडे न्यू जर्सीत मागच्या हिवाळ्यात गरम होणं बंद झालं होतं. आधी तुसाची जाळी साफ करा. मग मागचा जाड पाइप काढा आणि घराबाहेरच्या तोंडापर्यंत झाडून घ्या. तिथे तूस साठलं की गरम हवा बाहेर जात नाही, आत तापमान वाढतं आणि थर्मल फ्यूज उडतो. तो एकदा उडाला की संपला, नवाच घालावा लागतो. आणि पाइप साफ न करता नुसता फ्यूज बदलला तर नवाही उडतो. मी दोन फ्यूज घालवून हे शिकलो. मोटरचा आवाज येतोय पण ड्रम फिरत नाही असं असेल तर पट्टा तुटला असणार. हाताने ड्रम फिरवून बघा, फारच हलका लागला तर पट्टाच.

कडकभाकरी
एडिसनकर, तुमचा तो गरम हवेचा. इथं ड्रायर म्हणजे सेमी ऑटोमॅटिकचा बाजूचा छोटा टब ओ. त्याला ना जाळी ना पाइप. बरोबर ना ताई?

मधलीसून
हो तोच. ड्रायर म्हटल्यावर आणि कुठला असणार? धुण्याची बाजू व्यवस्थित चालू आहे.

उन्हातलंवाळवण
सोलापुरात राहून ड्रायर लागतो कशाला हेच मला कळत नाही. एप्रिलमध्ये पारा ४३ वर असतो. दोरीवर दुसरा कपडा टाकेपर्यंत पहिला वाळतो. आमच्या आईने आयुष्यभर पिळून टाकले. आजकाल हाताला कष्ट नकोत एवढंच आहे.

कडकभाकरी
आता ऑगस्ट आहे. चार दिवस झाले, आभाळ आलंय नुसतं. पडतही नाही, उघडतही नाही.

मधलीसून
उन्हातलंवाळवण, सासूबाई दोन महिने अंथरुणावर आहेत. रोज दोन चादरी, चार-पाच दुपटी, वरचे कपडे वेगळेच. अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप आहे. बाल्कनीत एक चादर टाकली की दुसरीला जागा नाही. हाताच्या कष्टाचं मला सांगू नका.

उन्हातलंवाळवण
तसं म्हणायचं नव्हतं. हे आधी लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

व्होल्टमीटर
मुद्द्यावर येऊ. टायमर फिरवून झाकण लावल्यावर आवाज येतो का? अगदी चिडीचूप असेल तर झाकणाचं स्विच, टायमर किंवा उंदराने कुरतडलेली वायर. मशीन खालून उघडं असतं, उंदीर आरामात आत जातात. हुंऽऽ असा आवाज येऊन टब जागेवरच असेल तर गोष्ट वेगळी.

मधलीसून
हुंऽऽ येतो. थोडा वेळ येतो मग मीच बंद करते.

व्होल्टमीटर
मग १००% कपॅसिटर. मोटर बिटर काही गेलेली नाही. कपॅसिटर बसला की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही, ती जागच्या जागी घुमते. बहुतेक मशीनमध्ये धुण्याचा आणि ड्रायरचा मिळून एकच डबा असतो, तीन वायरींचा. त्यावरचे मायक्रोफॅराडचे आकडे बघून तेच घ्यायचे. ड्रायरच्या बाजूला साधारण ५ किंवा ६ असतो. ४४० व्होल्टचाच मागा. शंभर-दीडशेत मिळतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो, सरळ बोट लावू नका. माझ्या तीन मशीन्सचं हेच निघालं.

निवृत्तफिटर
तीन मशीन्सचं निघालं म्हणून चौथीचंही तेच निघेल असं नाही. हुं आवाज ब्रेक अडकल्यावरसुद्धा येतो. टबाखाली मोजा-रुमाल गेला तरी येतो. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, गंजून शाफ्ट जाम झाला तरी येतो. पोरी, आधी प्लग काढून भिंतीपासून लांब ठेव. मागचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण स्क्रू काढून उघड. मग ड्रायरचं वरचं झाकण लावून खालच्या मोटरवरचा ड्रम, म्हणजे ब्रेक ज्याला धरतो ती चकती, हाताने फिरवून बघ. मोकळा फिरला तर हे साहेब म्हणतात तसा कपॅसिटर. घट्ट लागला तर कपॅसिटर बदलून काही उपयोग नाही.

जुगाडू
इतकी उठाठेव कशाला. झाकणाचं स्विच डायरेक्ट करून टाका, झाकण उघडं ठेवून टबाला हाताने जरा ढकला. सुटतो. आमच्याकडे वर्षभर असाच चालू आहे.

निवृत्तफिटर
असलं काही करू नकोस पोरी. तो टब मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. ओल्या चादरीचं एक टोक बोटांभोवती गुंडाळलं की हात बाहेर येत नाही. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये आमच्या खात्यात दोन जणांची बोटं गेलेली मी बघितली आहेत, दोघंही "वर्षभर असंच करतो" म्हणणारेच होते.

जुगाडू
काका, मिल वेगळी, वॉशिंग मशीन वेगळं.

निवृत्तफिटर
बोटं तीच.

लोकरीचागोळा
थोडं अवांतर. चादरी म्हणजे आपल्या सोलापुरी जेकार्डच्या का? त्या कोरड्याच एवढ्या जड, भिजल्यावर तर विचारू नका. मी एका वेळी एकच घालते, टबाच्या कडेने गोल बसवून, वरून ती प्लास्टिकची चकती दाबून. घडी घालून एका बाजूला ठेवली की मशीन अख्ख्या बाथरूमभर नाचतं.

कडकभाकरी
खरी सोलापुरी असेल तर. आता बाहेर सोलापुरी म्हणून काय काय विकतात. जीआय, म्हणजे त्या गावच्याच मालाला ते नाव लावायची सरकारी नोंद, मिळालंय चादरीला आणि टॉवेललाही, पण पानिपतचा माल सोलापूरच्या नावावर खपतोच. परवा पुण्यात एकानं मला, सोलापूरच्या माणसाला, पॉलिस्टरची चादर सोलापुरी म्हणून दाखवली बे.

लोकरीचागोळा
खरी ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूचे रंग दुसरीकडे उलटे दिसतात.

कडकभाकरी
नकलेतही ते करतात आता. हात लावल्यावरच कळतं. साखर पेठेत ज्यांच्याकडे माग होते त्यांना विचारा.

मधलीसून
चादरींवर नंतर बोला. मी कपॅसिटर आणला. १४० रुपये. मिस्टरांनी मागचं उघडून बसवला, फोटो काढून त्याच वायरी त्याच जागी. तरी नुसतं हुंऽऽ. फिरत नाही. आता काय?

व्होल्टमीटर
वायरी उलटसुलट झाल्या असतील. किंवा कपॅसिटर डुप्लिकेट मिळाला. बिल घेतलं होतं का?

निवृत्तफिटर
मागचं उघडलंच होतं तर ड्रम हाताने फिरवून बघितला का?

मधलीसून
नाही. कपॅसिटर १००% म्हणाले म्हणून तेवढंच केलं.

निवृत्तफिटर
बरं. एक सांग. काल एकदम बंद पडला की आधीपासून काही कुरकुर होती?

मधलीसून
पंधरा दिवस हळू फिरत होता. कपडे पाण्याचेच बाहेर यायचे, म्हणून मी दोनदा लावत होते. आणि रबर जळल्यासारखा वास यायचा, मला वाटलं खालच्या मजल्यावरून येतोय. पण त्याचा काय संबंध?

कडकभाकरी
ताई हे तुम्ही आता सांगायलात?

निवृत्तफिटर
सगळा संबंध त्याचाच आहे. हा ब्रेक आहे. नीट समजून घे. झाकण लावलं की बिजागरीजवळचा दांडा एक बारीक वायर ओढतो. ती वायर ब्रेकचा पट्टा ड्रमपासून लांब करते आणि टब मोकळा होतो. झाकण उघडलं की वायर सैल पडते, स्प्रिंग ब्रेक दाबते, म्हणून टब चटकन थांबतो. वर्षानुवर्षं ओढून वायर लांबते, किंवा हूक सरकतो. मग झाकण लावलं तरी ब्रेक अर्धाच सुटतो. मोटर फिरते पण घासत घासत, म्हणून हळू, म्हणून जळका वास. शेवटी ब्रेक इतका धरतो की मोटर उठतच नाही. लूमलाही ब्रेक असतो, धागा तुटला की माग थांबवतो. तो नीट सुटला नाही की माग असाच जड चालायचा आणि नवीन पोरं मोटरला शिव्या द्यायची.

प्लग काढून उघड. ड्रमच्या आसपास काळी पावडर दिसेल. वायरच्या टोकाला बहुतेक प्लास्टिकची पट्टी असते, तीन-चार भोकांची. हूक एक भोक पुढे घे. एकच. जास्त ताणलं तर झाकण उघडल्यावर टब थांबायचाच नाही.

एडिसनकर
इंटरेस्टिंग. आमच्याकडे ड्रायरला असा ब्रेक नसतो. तरी पाइप असेल तर एकदा बघून घ्या.

व्होल्टमीटर
ब्रेकचं असेल तर मेकॅनिकला कळलं असतं ना. त्याने मोटर का सांगितली?

कडकभाकरी
२८०० ब्रेकच्या वायरला कसे लावणार ओ.

मधलीसून
झालं!! मुलानं टॉर्च धरली. काका, काळी पावडर होती, भरपूर. झाकण लावून ड्रम फिरवला तर दोन्ही हातांनीसुद्धा हलत नव्हता. हूक दुसऱ्या भोकात होता, तिसऱ्यात घेतला. लगेच मोकळा. आता आधीसारखा फिरतोय, झाकण उघडल्यावर थांबतोही. सकाळपासून तीन चादरी झाल्या, एकेक करून, चकती लावून. एक रुपया लागला नाही. म्हणजे १४० लागले.

व्होल्टमीटर
नवीन कपॅसिटर आत आहे ना? मग दोन्हींमुळे सुटला असेल.

निवृत्तफिटर
असू दे त्याला. नवा आहे, टिकेल. पोरी, ब्रेकचा पट्टा पंधरा दिवस घासलाय. टब थांबायला वेळ लागू लागला तर पट्टा बदलून घे. आणि मागे उघडलंस तेव्हा मोटरच्या वर, शाफ्टभोवती पांढरा थर होता का?

मधलीसून
होता. चुन्यासारखा. मोटरवर थोडा गंजही दिसला.

निवृत्तफिटर
बोअरचं पाणी वापरतेस का?

मधलीसून
बोअरचंच. नळाला पाचव्या दिवशी येतं, ते पिण्यालाच पुरत नाही. सासूबाईंचे कपडे काय पाच दिवस ठेवू का?

कडकभाकरी
उजनी भरून वाहायलंय आणि आपण मोजून बादल्या भरायलोय. यावर वेगळा धागा काढतो.

निवृत्तफिटर
मग टबाखालचं वॉटर सील गळतंय. त्या क्षारांनी रबर कडक होतं, चिरतं. थेंब थेंब पाणी मोटरवर पडतं. आज मोटर गेलेली नाही, पण अशी गळती राहिली तर जाईल. सील स्वस्त असतं, बसवायला टब काढावा लागतो. ते मात्र माणूस बोलावूनच कर. बोलावशील तेव्हा समोर उभी राहा आणि जुनं सील मागून घे.

मधलीसून
हो काका. पण त्याला नाही बोलावणार. तो उद्या मोटर घेऊन येतो म्हणाला होता. सकाळपासून चार फोन आलेत, मी उचलत नाहीये.