‘आय वंडर’ मराठीत कसं आणायचं?

कोयरी:
‘गॉडली प्ले’ म्हणजे लहान मुलांना बायबलच्या गोष्टी कापडाचे तुकडे, आकृत्या अशा साहित्यातून, खेळातून सांगायची पद्धत; तिची मार्गदर्शिका मराठीत करते आहे. पद्धत अमेरिकेतले पाद्री जेरोम बेरीमन यांची, मुळं माँटेसरीची. मधला दुवा सोफिया कावाल्लेत्ती, त्यांनी १९५४ साली रोममध्ये मुलांबरोबर हे काम सुरू केलं. अडलंय ते ‘आय वंडर’वर. गोष्ट संपली की सांगणारी ताई ‘आय वंडर’ने सुरू होणारी चार वाक्यं हळूच सोडून देते: कुठला भाग सगळ्यात आवडला, कुठला सगळ्यात महत्त्वाचा, तुम्ही या गोष्टीत कुठे आहात, काय गाळलं तरी गोष्ट पुरी राहील. ‘मला कुतूहल वाटतं की’ म्हटलं तर चार वर्षांचं मूल तिथेच निसटतं. ‘आश्चर्य वाटतं’ तर चूकच, ते घडून गेलेल्याचं वाटतं.

पाटीपेन्सिल:
क्रियापद शोधूच नका. ‘बरं’ आहे ना! ‘या मेंढराचं नाव काय बरं असेल?’ यात विचारणारा स्वतःलाही विचारतो. जागा मात्र सांभाळा. ‘बरं, नाव काय?’ म्हटलं की उलटतपासणी. आणि ‘असेल’च हवं. ‘आहे’ला ठरलेलं उत्तर असतं, मूल ते ताईच्या चेहऱ्यावर शोधू लागतं. सांगताना नजर मुलांवर न ठेवता साहित्यावर ठेवायची, तीही याचसाठी.

वसईचा वारा:
‘बरं’ पटलं. येशूच्या उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, तर ते पहिल्या मिनिटालाच लागतं. गोष्टीचं साहित्य ठेवलेल्या सोनेरी पेटीतून आधी हिरवं फेल्ट (जाड लोकरी कापड) काढून पसरायचं, मग निळा तुकडा, मग काळे. प्रत्येकाला ‘हे काय बरं असेल?’ आणि थांबायचं. घाईने ‘हे पाणी’ म्हटलं की खेळ संपला; तो तुकडा आरसा किंवा आभाळ व्हायचा राहून जातो. तपकिरी पट्ट्यांचा मेंढवाडा त्यानंतर.

शुद्धमती:
फेल्ट कशाला? ‘नमदा’ हा चांगला शब्द आहे. आणि ‘दाखला’ ऐकून शाळा सोडल्याचा दाखला आठवतो. ‘दृष्टांत’ म्हणा, महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ आहेच. ‘प्ले’लाही ‘लीला’ घ्या, अध्यात्म आपोआप येईल.

पाटीपेन्सिल:
लीळा चक्रधरांच्या. मूल करतं तो खेळ. ‘लीला’ म्हटलं की करणारा देव होतो आणि मूल नुसतं बघत बसतं. या पद्धतीत मात्र साहित्य मुलाच्या हातात जातं. जवळचा शब्द भातुकली. जुन्या मराठीत ‘भातुकें’ म्हणजे मुलांना द्यायचा खाऊ. बोळक्यात चार चुरमुरे घालून बाहुलीला ‘नैवेद्य’ दाखवणारं मूल खोटं बोलत नसतं.

वसईचा वारा:
म्हणून ‘खोटं-खोटं’ हा शब्द मार्गदर्शिकेत नकोच. ‘लुटुपुटीचं’ही नको, त्यात मोठ्यांचं हसू आहे. भातुकलीत तरी स्वयंपाकघरच दिसतं. मेंढपाळ कुठे बसवायचा? आणि ‘दाखला’ मराठी बायबलातला आहे. वसईच्या ख्रिस्ती मुलांना ‘दृष्टांत’च परका वाटेल.

शुद्धमती:
परका शब्द मुलं दोन दिवसांत आपलासा करतात. सोपं करण्याच्या नावाखाली भाषा पातळ होते.

कोयरी:
‘बरं’ घेतलं. पण चौथं वाक्य अडतंय. ‘काय बरं गाळता येईल?’ यात गाळायलाच हवं असा हट्ट येतो. ‘एखादा भाग नसता, तरी गोष्ट पुरी झाली असती का बरं?’ हे पाच वर्षांच्या मुलाला लांब पडेल?

शुद्धमती:
पडणार नाही. ‘नमदा’चं काय ठरलं?

पाटीपेन्सिल:
नमदाही फारसीतूनच आलाय. दुकानात फेल्टच मागतात.