दोघे नाही म्हणाले तरी अडत नाही

सहापैकी दोन फ्लॅटवाले तयार नाहीत म्हणून फ्रीहोल्ड, म्हणजे इमारतीची आणि जमिनीची मालकी, मिळून विकत घेण्याचा विचार सोडू नका. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्यानुसार निम्मे फ्लॅट सामील झाले तरी पुरतं. तुम्ही तर चौघे आहात. (दोनच फ्लॅट असते तर मात्र दोन्ही लागले असते.) खरा पेच पैशांचा. त्या दोघांच्या वाटणीची रक्कमही तुम्हालाच उभी करावी लागेल, शिवाय मालकाला खरेदीची नोटीस दिल्यापासून त्याच्या वकिलाचा आणि मूल्यांकनाचा वाजवी खर्च तुमच्याच माथी. त्यामुळे कोण किती भरणार, मध्येच कुणी फ्लॅट विकला तर काय, हे आधी कागदावर आणून सह्या घ्या. आणि लीजची, म्हणजे फ्लॅटच्या भाडेपट्ट्याची, ८१ वर्षं उरली असतील तर आजच हालचाल करा. ८० च्या खाली गेलं की किंमत चांगलीच चढते, आणि हिशेब नोटिशीच्या तारखेपासूनच धरतात.