मदत हवी आहे: बॅरल टिकवायला सावकाश जळणारी दारू कोणती? (प्यायची नव्हे!)

लबकवाला
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या .२२ रायफलचं बॅरल (नळी) दोन सीझनमध्येच कामातून गेलं. नवीन बसवून आणलंय, त्याची तरी वाट लागू नये. काडतुसं घरीच भरतो. दुकानातले आजोबा म्हणाले एच ४८३१ ही पावडर (बंदुकीची दारू) वापर, सावकाश जळते, बॅरल दुप्पट टिकेल. डबा घेऊन आलो, तर काडतूस भरायच्या पुस्तकात माझ्या गोळीसमोर ही पावडरच नाही. किती भरायची? शनिवारी पहाटे निघायचंय, तेव्हा उद्यापर्यंत सांगा. इथल्या अमेरिकन मंडळींना विचारलं की ‘आधी शोधा’ म्हणतात.

घाटावरचा
सावकाश चढणारी हवी असेल तर आमच्याकडची मोहाची. शीर्षकात कंस टाकलात म्हणून काय झालं, राहवलं नाही.

नेमबाज_पनवेल
.२२ मध्ये कसली पावडर भरताय? रिमफायर काडतूस (कडेवर ठोका बसून पेटणारं) एकदा उडालं की फेकायचं, ते पुन्हा भरत नाहीत. आणि .२२ एलआरचं (लाँग रायफल, तेच छोटं रिमफायर) बॅरल दोन सीझनमध्ये जात नसतं. आमच्या क्लबातल्या रायफलीतून हजारो गोळ्या गेल्यात, अजून दहाचा ठोका देते. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं ते याच काडतुसावर. तुमची साफसफाई चुकत असणार.

लबकवाला
अहो, .२२-२५० म्हणतोय मी, मोठं वेगवान काडतूस! टेक्सासात राहून घरी काडतुसं भरणारा माणूस अजून कशाबद्दल बोलणार?

नेमबाज_पनवेल
मग तसं लिहायचं ना. .२२ म्हटल्यावर शंभरातले नव्वद लोक एलआरच समजणार.

कोलोरॅडोची_काकू
लबकवाला, गोळी किती ग्रेन वजनाची? बॅरलचा ट्विस्ट (आतल्या खाचांचं वळण)? आतापर्यंत कोणती पावडर होती? जुनं बॅरल किती गोळ्यांवर गेलं, आणि ‘गेलं’ हे कशावरून ठरवलंत? एवढं कळल्याशिवाय कुणीही आकडा सांगितला तर भरू नका. कळल्यावरही आकडा पुस्तकातूनच घ्यायचा, आमच्याकडून नाही.

लबकवाला
५५ ग्रेन, १४ इंचात एक वळण, एच ३८०. साधारण १४०० गोळ्या. शंभर यार्डांवर अर्ध्या इंचात पडायच्या त्या दीड इंचावर गेल्या. बोअरस्कोप (नळीत बघायचा कॅमेरा) घालून पाहिलं तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढची दोन बोटं जागा मे महिन्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळलेली, आणि रायफलिंगच्या (आतल्या खाचांच्या) कडा तिथून पुसून गेलेल्या. आता तरी सांगा, ४८३१ किती?

शाकाहारी_वाघ
एवढ्या गोळ्या मारता कशावर?

लबकवाला
प्रेअरी डॉग, बिळं करणारे खारीच्या जातीचे प्राणी. मित्राच्या रँचवर. गुरांचे पाय बिळांत अडकतात म्हणून तोच बोलावतो. यावर वेगळा धागा काढा प्लीज.

कोलोरॅडोची_काकू
४८३१ या कामाची नाही. महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारची शिल्लक पावडर विकत घेऊन धंदा उभा केला, त्यातली ती. मुळात २० मिलिमीटर तोफेसाठी केलेली. .२७० किंवा .२५-०६ सारख्या मोठ्या काडतुसांत सोनं आहे. तुमच्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) ५५ ग्रेनच्या गोळीमागे गळ्यापर्यंत भरलीत तरी पुरेसा दाब तयार होणार नाही. वेग पडेल, न जळलेले दाणे नळीत राहतील. पुस्तकात नाही याचा अर्थ ‘नाही’ असाच घ्यायचा.

आता मूळ प्रश्न. ‘सावकाश म्हणजे थंड’ हे समीकरण चुकीचं आहे. जळण्याचा वेग वेगळा आणि ज्वाळेचं तापमान वेगळं. थ्रोट (चेंबरच्या लगेच पुढचा नळीचा भाग) खातं ते तापमान, दाब आणि एवढ्याशा भोकातून ढकललेली एकूण पावडर. तुमची एच ३८० ही गोल दाण्यांची बॉल पावडर, तिच्यात नायट्रोग्लिसरीन असतं, त्यामुळे ज्वाळा तापट. शिवाय उन्हात तिचा दाब चढतो, आणि टेक्सासातल्या लबकचा जुलै मला ठाऊक आहे. त्याऐवजी सिंगल बेस (नायट्रोग्लिसरीन नसलेली) दांडी पावडर बघा: व्हारगेट, आयएमआर ४०६४ किंवा एच ४८९५. ५५ ग्रेनसाठी तिघींचे आकडे पुस्तकात आहेत.

धीमे_धीमे
काकू, असहमत. तोच वेग सावकाश पावडरने गाठला तर दाबाचा कळस खाली येतो, आणि थ्रोटला मार कळसाचा बसतो. माझ्या .२४३ रायफलमध्ये एच ४८३१एससीवर (तीच पावडर, आखूड दाणे) २२०० गोळ्या झाल्या, अजून मस्त चाललीय. स्वानुभव.

कोलोरॅडोची_काकू
कळस थोडा खाली येतो, मान्य. पण तोच वेग गाठायला पावडर जास्त घालावी लागते, म्हणजे एकूण उष्णता वाढली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. तुमची .२४३ हरणासाठी ना? दिवसाला किती मारता?

धीमे_धीमे
रेंजवर वीसेक. सीझनमध्ये दोन-तीन. पण मुद्दा तो नाहीये.

कोलोरॅडोची_काकू
मुद्दा तोच आहे. लबकवाला, तुम्ही तासाला किती?

लबकवाला
बिळं जागी असली की सव्वाशे. कधी जास्त. तोपर्यंत मॅगझिन भरायला मुलगा असतो शेजारी.

नेमबाज_पनवेल
🙏

कोलोरॅडोची_काकू
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं हो! सव्वाशे गोळ्या तासाला म्हणजे बॅरल गार व्हायला वेळच नाही. कुठलीही पावडर घाला, भेगा पडणारच. चेंबरच्या पुढे बॅरलला दोन बोटं टेकवा. चार-पाच सेकंद धरवत नसेल तर बोल्ट उघडा, रायफल सावलीत ठेवा, पाणी प्या.

एक_नंबर_२२३
मी केव्हाचा गप्प आहे. .२२३ घ्या की राव! केसमध्ये पावडर मावते .२२-२५० च्या साधारण दोन तृतीयांश, भोक तेच, बॅरल कितीतरी पट टिकतं. दोनशे यार्डांच्या आतल्या बिळांना .२२३, लांबच्यांना .२२-२५०. दोन रायफली आलटून पालटून. बायकोला सांगायचं की पैसे वाचवायला दुसरी घेतोय. माझ्याकडे चालून गेलं.

खडकी_निवृत्त
मी दारूगोळ्याच्या कारखान्यात ३४ वर्षं काढली. तोफांसाठी हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. डबल बेसमध्ये (नायट्रोग्लिसरीनवाल्या पावडरीत) नायट्रोग्वानिडिन घालून ट्रिपल बेस करतात. ज्वाळा थंड होते, नळीच्या तोंडाशी झगझगाट कमी होतो. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेणाचं अस्तर चार्जभोवती (भरलेल्या दारूभोवती) घालतात, त्याचा थर नळीला वाचवतो. स्वीडनमध्ये निघालेली युक्ती. धागाकर्त्यांनी ट्रिपल बेसचा विचार करावा.

लबकवाला
काका, मला रणगाडा नाही चालवायचा.

खडकी_निवृत्त
तत्त्व एकच असतं.

कायद्याचा_बडगा
भारतातल्या वाचकांसाठी: शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, काडतूस घरी भरणंही त्यातच आलं. धागा वाचून उत्साह वाटला तर कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवावी.

घाटावरचा
मी मोहाच्या फुलांबद्दल बोललो होतो, नोंद घ्यावी.

लबकवाला
बरं. मग ४८३१ च निम्मी भरतो. कमी पावडर, कमी उष्णता. चालेल ना?

कोलोरॅडोची_काकू
अजिबात नको! सावकाश पावडर अर्ध्या रिकाम्या केसमध्ये नीट पेटत नाही, आणि मग दाब कमी व्हायच्या ऐवजी अचानक उसळल्याच्या, रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. तोंडाजवळ फुटते ती. आणि शेजारी मुलगा बसतो म्हणालात.
चार्ज कमीच करायचा असेल तर एच ४८९५. तिच्यासाठी हॉजडनचीच छापील सूचना आहे: पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. ही मुभा सरसकट इतर पावडरींना लावू नका. प्रेअरी डॉगला वेग दोन-चारशे फुटांनी कमी झाला तर तो तक्रार करणार नाही, थ्रोट मात्र दुवा देईल.

धीमे_धीमे
काकूंचा हा मुद्दा १००% बरोबर. बाकी माझं मत कायम.

एक_नंबर_२२३
.२२३ चा मुद्दा सगळ्यांनी सोयीस्करपणे टाळलाय, याची नोंद घेतो.

लबकवाला (रविवारी)
अपडेट. ४८३१ चा डबा दुकानात परत घेत नाहीत, कुणाला हवाय का? (धीमे_धीमे, तुमच्यासाठी आहे.) व्हारगेट कुठेच मिळाली नाही. एच ४८९५ चा एक पाउंड मिळाला, कमाल आकड्यापेक्षा बऱ्याच खाली भरली. दोन बोटांचा नियम मुलाला शिकवला. तो आता प्रत्येक दहा गोळ्यांनी बॅरलला हात लावून ‘बाबा, थांबा’ म्हणतो आणि मॅगझिन देतच नाही. दिवसभरात ९० मारल्या. गट पाऊण इंच. आता एकच अडचण: एवढा वेळ थांबून करायचं काय?

खडकी_निवृत्त
ट्रिपल बेसबद्दल एक जुना तक्ता सापडला आहे, स्कॅन करून टाकतो.