सत्येन कप्पूंचं नाव हवंच
जुन्या हिंदी सिनेमातल्या चरित्र अभिनेत्यांमध्ये इफ्तेखार आणि ए. के. हंगल यांची आठवण निघते, तर सत्येन कप्पूही राहून जायला नकोत. १९७५ या एकाच वर्षात ते 'शोले'त ठाकूरचा नोकर रामलाल होते आणि 'दीवार'मध्ये अमिताभचे वडील. 'दीवार'मधला हा कामगार पुढारी बायकामुलांचा जीव वाचवायला मालकाच्या कागदावर सही करतो आणि नंतर कुणाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. विजयचा, म्हणजे अमिताभच्या पात्राचा, सगळा राग त्या सहीतून आलेला. तो बाप खरा वाटला नसता तर पुढचा सिनेमा उभाच राहिला नसता! रामलालला प्रसंग मोजकेच, पण ठाकूरच्या सुन्या घरात माया शिल्लक आहे हे त्याच्या वावरण्यातूनच जाणवतं. दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघा, माणूस एकच आहे हे पटत नाही.