पुण्यात बर्थडे डिनर + डान्स, कुठे जावं?

ताईचा 24वा वाढदिवस शनिवारी आहे, आम्ही 9 जण, आईबाबापण येणार. जेवण नीट हवं आणि नंतर नाचायलाही मिळायला हवं. कोरेगाव पार्क का बालेवाडी हाय स्ट्रीट?

कोथरूडकर: बालेवाडीच बघा, सगळं चालत अंतरावर आहे, म्हणजे आधी शांत ठिकाणी जेवायचं आणि मग आईबाबांना रिक्षात बसवून तुम्ही डीजेवाल्या ठिकाणी. एकाच जागी दोन्ही करायला गेलो होतो आम्ही, स्पीकरच्या खालचं टेबल मिळालं आणि आजीला शेवटपर्यंत मेन्यू ओरडून सांगावा लागला, फार वाईट वाटलं.

खादाड_मुंढवा: रूफटॉप घेऊ नका, उघड्यावर 10 नंतर स्पीकर बंद करावा लागतो, केक कापेपर्यंत गाणी संपतात. आत डान्स फ्लोअर आहे का ते विचारा. आणि ताई 24ची म्हणजे बियर चालेल, हार्ड ड्रिंक 25 शिवाय नाही, आयडी सोबत ठेवा.

कोथरूडकर: हो, आणि केक बाहेरचा चालतो का तेही फोनवरच विचारून घे!

प्रश्नकर्ती: खूप थँक्यू, बालेवाडी फायनल, आज संध्याकाळीच फोन करते 🙏