'मनानं शिवलेली' वाकळ : एका शब्दासाठी मदत हवी

नंदगडची
जरा घाईत आहे, मदत करा. आमच्या खानापुरात (बेळगाव जिल्हा) महिला मंडळ हातानं शिवलेल्या वाकळांचं छोटं प्रदर्शन भरवतंय. चाळीसेक वाकळा जमल्यात. एका भिंतीवर जगात इतरत्र होणाऱ्या अशा कामाची चित्रं लागणार आहेत आणि त्यांच्याखालचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात वापरून विरलेल्या पँटी, शर्ट, पोती फाडून गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांच्यात काही ठरलेले नमुने आहेत, जसा 'हाउसटॉप', म्हणजे चौकोनाभोवती चौकोन. नमुना सोडून शिवली असेल तर त्या म्हणतात 'माय वे'. मजकुरात त्याच्याच पुढं 'इम्प्रोव्हायझेशन' पण आहे.

मी 'उत्स्फूर्त गोधडी' लिहिलं. आत्यानं (वय ७८, अजून सुईत दोरा स्वतः ओवते) ते वाचायला लावलं आणि म्हणाली, "उत्स्फूर्त म्हंजे काय गं? फुर्रकन उडून जातीया काय?" मी म्हटलं, नमुना न बघता शिवलेली. "मग मनानं शिवली म्हण की!"

तर 'मनानं' चालेल का? दुसरी भानगड अशी की पुण्याच्या ज्या ओळखीच्या संपादकांना मजकूर दाखवला, त्यांनी सगळ्या 'वाकळा' खोडून 'गोधड्या' केल्यात. वाकळ म्हणजे फाटकं मळकं पांघरूण, पाटीवर शोभत नाही म्हणे. आमच्याकडं बारशाला वाकळ देतात हो.

पेठकर
संपादकांचं बरोबर आहे. प्रमाण मराठीत गोधडी हाच शब्द. वाकळ ऐकलं की डोळ्यांपुढे धर्मशाळेतला कोपरा येतो. 'माय वे' साठी 'स्वैरगोधडी' करा. सुटसुटीत आहे आणि अर्थ चटकन कळतो.

निपाणीचा_बाबू
स्वैर म्हटलं की आमच्याकडं मोकाट सुटलेली म्हैस.

जुनेर
ताई, मी शहापूरची (बेळगावातलं, ठाण्याचं नव्हे). आमच्यात वाकळ आणि गोधडी दोन वेगळ्या वस्तू आहेत. वाकळ जाड, अंथरायची. गोधडी त्यापेक्षा हलकी, पांघरायची. लहान पोराचं ते दुपटं. एकच लुगडं चार पदरी घातलं की चौघडी. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट, चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांची लांबी येते आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची. एका माणसाला बरोबर पुरते. हा हिशोब आईनं शिकवला, गणिताच्या बाईंनी नव्हे.

कोशवेडा
मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत वाकळ आहे आणि गोधडीही आहे, आणि दोन्ही जुन्या कापडाच्याच आहेत. गोधडीला कुठं राजमहालातली म्हटलेलं नाही. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते काही शोभेच्या दुलईवरून नव्हे. मळकेपणाच मोजायचा असेल तर दोन्ही शब्द एका पारड्यात बसतील.

वाकळ मुळात वल्कल. प्राकृतात वक्कल, पुढं वाकळ. शकुंतलेच्या अंगावर होतं तेच.

पेठकर
वल्कल झाडाच्या सालीचं. त्याला ठिगळं कुठली? व्युत्पत्ती ओढून आणलेली वाटते. गोधडीची सरळ आहे: गो + धड, धडुतं यातलं धड. गुरांच्या पाठीवर टाकायचं धडुतं.

कोशवेडा
हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी. तिथंही तुमची गाय जाऊन बसली वाटतं.

अथणी_अण्णा
आमच्या घरी आई कन्नड, वडील मराठी. पांघरूण एकच. आई म्हणायची कौदी, आज्जी म्हणायची वाकळ. थंडीत मधे झोपलेल्या मला दोन्हीकडून ओढायच्या, "कौदी इकडं घे", "वाकळ तिकडं दे". शाळेत मास्तरांनी 'गोधडी' शिकवलं तेव्हा मला वाटलं ही तिसरीच कुठली वस्तू, पुण्यात मिळत असेल.

ताईंनी पाटीवर कौदीही लिहावं. प्रदर्शनात निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या असणार.

पेठकर
मराठी प्रदर्शनात कानडी शब्द कशाला?

अथणी_अण्णा
खानापुरात प्रदर्शन आहे साहेब, सदाशिव पेठेत नाही.

जुनेर
कृपा करून सीमाप्रश्न या पांघरुणाखाली घेऊ नका, आधीच दाटी आहे.

चंदगडी
मी शेजारचा, कोल्हापूर जिल्ह्यातला, पण मामाचं गाव हल्याळकडं (कारवारचा उत्तर कन्नड जिल्हा). तिकडं रानात सिद्दी (मूळ आफ्रिकेतल्या) लोकांची घरं आहेत, खानापूर तालुक्यातही आहेत. त्यांच्या बायका ज्या शिवतात तिला कवंदी म्हणतात. कौदीचंच भावंड. मी लहानपणी तासभर बघत बसलो होतो. आपल्याकडं बऱ्याच जणी आधी सगळी ठिगळं जोडून घेतात आणि मग दोरे भरतात ना? ती मावशी एका कोपऱ्यातून सुरू करून काठाकाठानं ठिगळं लावत, शिवत, चौकोन आत आत आणत होती. पुढचं ठिगळ कुठलं हे हातातलं संपल्यावर ठरायचं. शेजारी चिंध्यांचा ढीग, त्यात हात घालायची, दोन बाहेर काढायची, एक परत टाकायची. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या बारक्या तुकड्यांची फुलं. फुलांशिवाय कवंदी नागडी म्हणे.

ताईंनी सांगितलेला अमेरिकेतला चौकोनाभोवती चौकोन वाचून मला तीच आठवली. फक्त ही बाहेरून आत येते.

नंदगडची
चंदगडी, हे फार उपयोगाचं आहे. पण त्या मावशी नमुन्याशिवाय शिवण्याला काय म्हणायच्या?

चंदगडी
काहीच नाही. मी विचारलं "हे लाल इथं का?" तर म्हणाल्या "बरं दिसतंय." बस्स.

रियाज
मध्येच बोलतो. इम्प्रोव्हायझेशनला मराठीत तयार शब्द आहे, उपज. गाण्यात रोज वापरतो आपण. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्या जिल्ह्यात तरी हा शब्द परका वाटू नये. 'उपजेची गोधडी' लिहा. बंदिश ठरलेली, राग ठरलेला, आणि त्यात सुचत जाणारं ते उपज. लुगड्याची लांबीरुंदी ठरलेली, बाकी उपज.

निपाणीचा_बाबू
उपज म्हणजे आमच्या रानातलं तंबाखूचं उत्पन्न.

रियाज
तेही सुचतच येतं, सरकारला विचारून नाही.

अथणी_अण्णा
रियाजरावांचा मुद्दा मला आवडला, पण आईचा अनुभव वेगळा. आई कसुतीचं भरतकामही करायची. कसुतीत टाक्यांचे चार प्रकार, गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी, आणि प्रत्येकात कापडाचे धागे मोजून सुई घालायची. एक धागा चुकला तर मोर लंगडा होतो. तिथं आई तोंडातल्या तोंडात मोजत असायची, कुणी हाक मारली तर रागवायची. कौदी शिवताना मात्र गप्पा, भांडणं, शेजारणीच्या सुनेची उणीदुणी, सगळं चालायचं. म्हणायची, "मनसिगे बंदंग." मनाला येईल तसं.

कोशवेडा
इथं थांबा जरा, मूळ प्रश्नाकडं येऊ. 'मनाला येईल तसं' मराठीत वाईट अर्थानं जातं. मनमानी. कन्नडमधे तसं नसेल. 'मनचं' म्हणजे तर थाप: "मनचं सांगू नकोस." 'मनाजोगी' किंवा 'मनासारखी' झाली हे काम संपल्यावरचं समाधान. आत्यांचं 'मनानं' या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. "हे कुणी शिकवलं?" "मनानं केलं." कुणाला न विचारता, कुणाचं न बघता, स्वतःच्या डोक्यानं. 'माय वे' मधला 'माय' त्यात बरोबर येतो. माझं मत मनानं ला.

पेठकर
लेखनात 'मनाने' लिहावं लागेल. आणि 'मनाने शिवलेली' वाचून लोक म्हणतील, सुईने नाही का?

जुनेर
"मनानं शिकला" म्हटल्यावर कुणी विचारतं का, पुस्तकानं नाही का?

बाबूभाऊ, तुम्ही नुसते टोमणे मारताय. तुमच्या घरी वाकळ नव्हती का?

निपाणीचा_बाबू
होती. म्हणून तर वाचतोय.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. कामाचं लुगडं वेगळं असायचं, घरी आलं की दाराबाहेर सोडायची. चार-पाच वर्षांनी ती लुगडी पार विरली की वाकळेत जायची, मधल्या थरात. वर चांगल्या लुगड्यांचे तुकडे, इरकलीचा काठ चारी बाजूंनी. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही. पण मिरगाच्या पावसात हवा दमट झाली की त्या आतल्या थरातला तंबाखू जागा व्हायचा. नवरात्राआधी दरवर्षी धुवायची ती, भिजल्यावर दोघींनी दोन टोकं धरून पिळल्याशिवाय उचलत नसे, तरी वास गेला नाही. थोरला भाऊ रात्रभर शिंकायचा. मला त्याच वासात झोप लागायची, अजून बिडीकाम चाललेल्या घरापुढनं गेलो की जांभई येते.

त्या वाकळेच्या मधोमध वीतभर लाल तुकडा होता, बाकी सगळं निळं-हिरवं. आई त्याला डोळा म्हणायची. तसा डोळा गल्लीत दुसऱ्या कुणाच्या वाकळेला नव्हता. कुठनं सुचलं विचारायचं राहून गेलं.

जुनेर
आमच्यात त्या जागी खणाचा तुकडा असतो, गुळेदगुड्डचा. आईच्या चोळीतला उरलेला.

तुमच्याकडं शेवटचा कोपरा कसा बुजवतात? आई शेवटचं बोटभर तोंड उघडं ठेवायची, त्यात हळदकुंकू आणि पोळीचा तुकडा घालायची, मग टाका. वाकळेचं पोट भरायचं म्हणायची. उपाशी वाकळेत ऊब येत नाही.

पेठकर
आणि उंदीर?

जुनेर
हो, एक वर्ष नेमका तोच कोपरा कुरतडला. आईनं त्याच्यावर ठिगळ लावलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिरमुरे घातले.

चंदगडी
एक विचारू? लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून दोन टोकं जोडतात, त्याला आमच्यात दांड म्हणतात. बेळगावात काय?

जुनेर
दांडच. दांड घातलेलं लुगडं लग्नाला नेसायचं नाही, पण वाकळेत त्या शिवणीवर बोट फिरवलं की कळतं हे कुणाचं लुगडं.

पेठकर
दंड. दांड ग्रामीण उच्चार.

चंदगडी
लुगडं ग्रामीणच होतं हो.

रियाज
उपज वर कुणीच मत दिलं नाही.

सून_टिळकवाडीची
सगळा धागा वाचला. माझ्याकडं सासूबाईंच्या नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या पेटीभर पडून आहेत. त्यांची वाकळ होते का? आत्या शिवून देतात का?

नंदगडची
पाटी उद्या छापायला द्यायची आहे. संपादकांशी फोनवर बोलले. मथळ्यात 'गोधडी' ठेवायची आणि खाली बारीक अक्षरात 'वाकळ, कौदी, कवंदी' घालायचं, इथवर ते आले. 'मनानं' वर अडलेत. अवतरणात घाला म्हणतात. अवतरणात घातलं की ते आत्याचं राहील, भाषेचं होणार नाही, असं मला वाटतंय. बघू.

टिळकवाडीच्या वहिनी, आत्याला विचारलं. पॉलिस्टर आणू नका म्हणते. सुई सर्रकन जाते पण कापड दोरा धरत नाही, धुतलं की थर आतल्या आत घसरून एका बाजूला गोळा होतात, आणि घाम शोषत नाही ते वेगळंच. एखादी काठाला चालेल. आतल्या थराला सुती लुगडी चार तरी हवीत, चांगली विरलेली, नवी असतील तर वर्षभर नेसा आणि मग आणा. शिवायला दोन महिने लागतील, पावसाच्या आत हवी असेल तर आत्ताच सांगा.

आणखी एक अट आहे. कुठला रंग कुठं, हे सांगायचं नाही. ते ती मनानं लावणार.

सून_टिळकवाडीची
चालेल. पण सासूबाईंची जांभळी मधे यायला हवी, एवढं सांगाल का त्यांना?

नंदगडची
सांगते. ऐकेल असं नाही.

कोशवेडा
अनेकवचन वाकळा की वाकळी? धाग्यात सगळ्यांनी वाकळा लिहिलंय, पण माझी मावशी वाकळी म्हणायची.