अमेरिकेच्या दक्षिणेतलं छोटं गाव आणि एक शनिवार-रविवार : तुमचे अनुभव

सवाना, चार्ल्सटन, न्यू ऑर्लिन्स बहुतेकांनी पाहिलेलं असतं, त्यावर लिहूनही खूप झालंय. इथे हवी आहेत ती छोटी गावं. मधोमध कोर्टाची इमारत, भोवती चार रस्ते, एखादा म्हातारा ओक, एक पुतळा आणि ‘ऐतिहासिक’ असा बोर्ड. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री घरी येता येईल अशी. काय बघितलं, काय खाल्लं, कुणाशी बोललात, ते सविस्तर लिहा. ‘सुंदर घरं, छान फोटो’ अशी पोचपावती नको. खांबांच्या घरात कोण राहत होतं हे गाइड सांगतोच; परसातल्या खोल्यांत कोण राहत होतं हे कळलं असेल तर ते आधी सांगा. सुरुवात मीच करते.

टस्कीगी, अलाबामा (अटलांटाहून)

आय-८५ धरून नैऋत्येला साधारण दोन तास. जॉर्जियाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे जाताना तास फुकट मिळतो आणि येताना तो व्याजासकट वसूल होतो. गाव जेमतेम नऊ हजार वस्तीचं.

जाण्याचं कारण काय असणार? वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, इथे शिकवणाऱ्या कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र. १९८१ मध्ये आलेलं हे पुस्तक माझ्या पिढीतल्या निम्म्या वर्गाला शाळेत बक्षीस म्हणून मिळालं असेल. इथे वाढलेल्या माझ्या मुलाला मात्र कार्व्हर म्हणजे ‘पीनट बटरवाले’. पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही, हे तिथली माहिती देणाऱ्या नॅशनल पार्क खात्याच्या रेंजरबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. बहुधा रोज सांगावं लागत असावं.

कार्व्हर शिकवत ती टस्कीगी इन्स्टिट्यूट, कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था, ४ जुलै १८८१ ला सुरू झाली. पहिले मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन तेव्हा पंचविशीत होते, जन्म गुलामगिरीतला. इमारतींसाठी विटा हव्यात तर विद्यार्थ्यांनीच पाडायच्या, असं ठरलं. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी पैसे नव्हते, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपलं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं. ते सोडवायला पुन्हा जमलं नाही, पण भट्टी साधली. त्याच विटांच्या इमारती आज डोळ्यांसमोर उभ्या आहेत. त्यांतल्या कित्येकांचा आराखडा रॉबर्ट टेलर यांचा. एमआयटीतून पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय. वॉशिंग्टन यांचं घर ‘द ओक्स’ही टेलर यांच्याच आराखड्याचं, १८९९ चं. माझा नवरा साताऱ्याचा, रयतच्या शाळेत शिकलेला. विटांची गोष्ट ऐकल्यावर तो इतका वेळ भिंतीला हात लावून उभा होता की मागच्या लोकांनी वळसा घातला. ‘कमवा आणि शिका’ त्याच्या घरात दोन पिढ्या चाललेलं आहे.

कार्व्हर १८९६ मध्ये इथे आले ते ५ जानेवारी १९४३ ला वारेपर्यंत इथेच राहिले. त्यांचं संग्रहालय आहे ती इमारत पूर्वी संस्थेची लाँड्री होती. आत त्यांची उपकरणं, शेंगदाण्याच्या आणि रताळ्याच्या पदार्थांचे नमुने, त्यांनी हाताने केलेलं विणकाम. चित्रं फार थोडी, कारण १९४७ च्या आगीत बरीचशी गेली. मला सगळ्यात आवडली ती १९०६ ची जेसप वॅगनची कल्पना. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच घोडागाडीत घालून त्याच्या बांधावर न्यायची. कापसाने जमीन खंगली, आता शेंगा लावा, हे कागदावर लिहून भागत नव्हतं, कारण ज्यांना सांगायचं त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हतं.

वॉशिंग्टन आणि कार्व्हर, दोघांच्या समाध्या आवारातच, जवळजवळ. मराठी माणसं येतात ती थेट कार्व्हरकडे जातात, बाकीचे वैमानिकांचं विचारत येतात, असं रेंजरबाई म्हणाल्या. ते वैमानिक म्हणजे टस्कीगी एअरमेन. १९४१ पासून कृष्णवर्णीय तरुणांना लष्करी विमान चालवायचं शिक्षण इथे दिलं गेलं. मोटन फील्डवरचे दोन्ही हँगर बघायला मिळतात, तिकीट नाही. मुलाला अर्थातच हेच आवडलं.

पण गावाच्या चौकात या. मध्यभागी दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूच्या सैनिकाचा पुतळा, आणि भोवतालचं गाव जवळपास सगळं कृष्णवर्णीय. १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या गावाची चौकोनी हद्द बदलून अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी केली. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे गावाबाहेर. गोरा एकही नाही. टस्कीगीतल्याच एका प्राध्यापकाने, चार्ल्स गोमिलियन यांनी, दावा लावला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. याच परिसरात १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य खात्याने सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘अभ्यास’ केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हाती आल्यावरही त्यांना ते दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९७ मध्ये. आठवीतल्या मुलाला हे सांगायचं का, यावर आम्हा दोघांची गाडीत वादावादी झाली. त्याने मागच्या सीटवरून सांगितलं की शाळेत शिकवून झालंय.

मुक्काम शेजारच्या ऑबर्नला करा. तिथे विद्यापीठ आहे, त्यामुळे खायचीही सोय आहे.

डलॉनेगा, जॉर्जिया (आल्फारेटाहून)

आमचा अनुभव एवढा गंभीर नाही. आईबाबा पुण्याहून आले होते, मुलं लहान, त्यामुळे तासाभराच्या अंतरावरचं गाव हवं होतं. १८२९ च्या सुमारास इथे सोनं सापडलं, कॅलिफोर्नियाच्या कितीतरी आधी. इतकं की १८३८ ते १८६१ इथे सरकारी टांकसाळ होती. चौकातल्या जुन्या कोर्टात आता सोन्याचं संग्रहालय आहे, आणि त्या कोर्टाच्या विटांतही सोन्याचे कण आहेत म्हणतात. बाबांनी भिंत नखाने खरवडून पाहिली. आईने डोळे वटारले.

खाणीवर तुम्हाला पसरट थाळीत वाळू देतात, पाण्यात हलवत हलवत हलकं वाहून जाऊ द्यायचं, तळाला जड कण राहतात. बाबा म्हणाले, हे तर आपल्याकडच्या झारेकऱ्याचं काम, सोनाराच्या पेढीसमोरची माती नेऊन धुतात ते. मुलांना दोन-तीन चकाकते कण मिळाले. आईचा प्रश्न: “यात वळं व्हायला किती वर्षं लागतील गं?”

संग्रहालयात एका बाजूला, तिथे लोक फारसे थांबत नाहीत, चेरोकी लोकांबद्दल आहे. जमीन त्यांची. सोनं दिसल्यावर राज्याने ती १८३२ मध्ये लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली, आणि १८३८ मध्ये सैन्य लावून लोकांना पश्चिमेला हाकललं. म्हणजे नाणी पडायला लागली त्याच वर्षी. आम्ही आधी वाळू चाळली आणि मग हे वाचलं. उलट क्रमाने जा, असं सुचवेन.

नॅचेझ, मिसिसिपी (बॅटन रूजहून, मूळ गाव खामगावजवळ)

हायवे ६१ ने दीड तास. मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर वसलेलं गाव, १७१६ चं, फ्रेंचांच्या किल्ल्यापासून सुरू झालेलं. कड्याच्या कठड्याशी उभं राहिलं की पलीकडे सपाट लुइझियाना दिसतं. कापूस पिकायचा तिकडे, मालक राहायचे इकडे, वाऱ्याला.

घरं बघायची तर लाँगवुड बघा, बाकीची एकमेकांसारखी वाटू लागतात. हॅलर नट नावाच्या कापूसवाल्याने १८६० मध्ये अष्टकोनी, वर कांद्याच्या आकाराचा घुमट असलेला सहा मजली महाल बांधायला घेतला. खोल्या बत्तीस. १८६१ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालं आणि फिलाडेल्फियाहून आणलेले कारागीर काम टाकून निघून गेले. खालच्या मजल्यावरच्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. नट १८६४ मध्ये वारला, कुटुंब खालीच राहत राहिलं. वरच्या मजल्यांवर आजही उघड्या विटा आणि तुळया. गाइड आजी नटबद्दल फार हळहळून बोलत होत्या. तळमजल्याच्या खोल्या कुणी पुऱ्या केल्या, असं बायकोने विचारलं. गुलामांनी, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही घरं सोडली आणि विल्यम जॉन्सनचं घर पाहिलं. हा लहानपणी गुलामगिरीतून मुक्त झालेला न्हावी, गावातल्या बड्या गोऱ्यांच्या दाढ्या करणारा. १८३५ पासून १८५१ पर्यंत रोजनिशी लिहीत होता. कोण कर्जात बुडालं, कुणाची मारामारी झाली, घोड्यांच्या शर्यतीत कोण हरलं, सगळं तिच्यात आहे. आणि त्याने स्वतःही गुलाम बाळगले होते. हे वाचून माझी सोपी गणितं बिघडली. १८५१ मध्ये जमिनीच्या वादातून त्याचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय, आणि गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष ग्राह्य नाही. आरोपीने आपण गोरे असल्याचा दावा केला आणि सुटला.

फोर्क्स ऑफ द रोड ही गुलामांच्या बाजाराची जागा. इमारत उरलेली नाही. रस्त्याकडेचा गवताचा तुकडा, माहितीफलक, आणि सिमेंटमध्ये रुतवलेल्या बेड्या. बाजूने गाड्या धावतात. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून विकायला आणलेली माणसं इथून मळ्यांवर जात.

आता माझ्या गावाचा संबंध. याच युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि मुंबईच्या बाजारात भाव आभाळाला भिडले. बॅक बेच्या भरावाचे शेअर, प्रेमचंद रायचंद, १८६५ ची ती घसरगुंडी हे आपण शाळेत वाचलेलं असतं. वऱ्हाड त्यानंतरही कापसाचंच राहिलं. खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा आला १८७० मध्ये. आमच्या पणजोबांच्या घरी गाड्या भरून सरकी येई, असं आजी सांगायची. नॅचेझचा कापूस अडला म्हणून आमच्याकडे पैसा आला, आणि नंतर भाव पडले तेव्हा कर्जही आमच्याकडेच राहिलं. लाँगवुडच्या घुमटाखाली उभं राहून हे सगळं बायकोला सांगत होतो. तिला भूक लागली होती.

फोर्क्स ऑफ द रोडबद्दल, वरच्यांना जोडून (डॅलसहून)

आम्हीही तिथे थांबलो होतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामगिरी संपवण्यासाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दल. पुण्यात बसून, त्या काळी. माझ्याकडे ती अर्पणपत्रिका फोनवर होती, ती मी फलकाजवळ मोठ्याने वाचली. शेजारी उभ्या असलेल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याने ती पुन्हा वाचायला लावली आणि फुल्यांचं नाव लिहून घेतलं. बाकी नॅचेझमध्ये ऑगस्टमध्ये जाऊ नका, माणूस शिजतो.

ब्यूफर्ट, साउथ कॅरोलायना (शार्लटहून, माहेर रत्नागिरी)

जीपीएसमध्ये राज्य नीट निवडा, याच स्पेलिंगचं गाव नॉर्थ कॅरोलायनातही आहे आणि तेही समुद्राकाठीच.

१७११ चं गाव. खाडी, भरती-ओहोटीची दलदल, ओकवरून लोंबणारं राखाडी शेवाळं, आणि व्हरांड्यांची छतं फिकट निळी, भुतं घरात येऊ नयेत म्हणून. जुन्या भिंतींत कालवांचे शिंपले दिसतात. शिंपले जाळून चुना, त्यात वाळू, पाणी आणि आख्खे शिंपले कालवून भिंती ओतायच्या. आमच्याकडे शिंपल्यांचा चुना होता, पण शिंपलेच भिंतीत दिसायचे नाहीत.

मी गेले रॉबर्ट स्मॉल्ससाठी. १८३९ मध्ये इथेच गुलाम म्हणून जन्मला. मे १८६२ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या कॉन्फेडरेट बोटीवर कामाला होता. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले बघून त्याने आणि सोबतच्या खलाशांनी बोट सोडली, वाटेत बायकामुलांना घेतलं. डोक्यावर कप्तानाची गवती टोपी, किल्ल्यांसमोर बरोब्बर शिट्टीचे इशारे. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर फडकवून बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. वय तेवीस. पुढे त्याने ब्यूफर्टमधलं आपल्या जुन्या मालकाचं घर विकत घेतलं आणि काँग्रेसवरही निवडून गेला. प्रिन्स स्ट्रीटवरचं ते घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचं. मी फाटकाशी जरा जास्तच रेंगाळले.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून सेंट हेलेना बेटावर पेन सेंटरला. १८६२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, मुक्त झालेल्यांसाठी इथे शाळा निघाली. साठच्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांना घेऊन इथे बैठकांना येत, कारण काळे-गोरे एकत्र राहू शकतील अशा जागा त्या भागात फार थोड्या होत्या. बेटावरची गल्ला माणसं पश्चिम आफ्रिकेतून भातशेतीसाठी आणलेल्यांचे वंशज. भात पाखडायची गवताची सुपं पाहिली आणि मी विणकर बाईंशी अर्धा तास बोलत बसले. त्या भात पाण्यात बसवतात की वाफेवर, माशाचं काय करतात, सगळं विचारून घेतलं. लाल भात तिखट नव्हता, पण कोळंबी अशी ताजी की गप्प बसले. सकाळी ग्रिट्स, म्हणजे आपल्या मक्याच्या कण्याच. त्यावर मी पर्समधली लसणाची चटणी घातली. वेट्रेसने वास घेऊन थोडी मागितली.

फक्त खाणं आणि झोपणं (नॅशव्हिलहून)

शाकाहारी असाल तर हिरव्या भाज्यांवर विश्वास ठेवू नका. कोलार्डच्या पाल्यात आणि घेवड्यात डुकराचं मांस शिजवलेलं असतं, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच. पिमेंटो चीजचं सँडविच आणि मॅकरोनी बिनधोक. रविवारी दुपारपर्यंत गाव चर्चमध्ये असतं, संग्रहालयं बंद असू शकतात, म्हणून मुख्य गोष्टी शनिवारीच उरका. मोटेलच्या काउंटरवर बहुतेक ठिकाणी पटेल कुटुंब भेटतं. एका काकींनी रात्री साडेदहाला आमच्या पोरासाठी खिचडी टाकून दिली, पैसे घेतले नाहीत.

आणि रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यातल्या उकडलेल्या शेंगांचा बोर्ड दिसला की थांबा. केजन मसाल्यातल्या नकोत, साध्या मिठातल्या घ्या, आणि टरफलांसाठी वेगळी पिशवी मागून घ्या.